आजाऱ्यांची पंगत

माणसाला काय झालंय हे डॉक्टरच्या, त्याच्या आईच्या आणि खुद्द त्याच्याही आधी कळणारी एकच बाई मी आयुष्यात पाहिली, आणि ती आमच्या शाळेत खिचडी शिजवायची. शेलूबाजारहून आत वळलं की आमचं गाव लागतं. पहिली ते सातवीची जिल्हा परिषदेची शाळा, पाच शिक्षक आणि सहावा मी, मुख्याध्यापक. सरकारी कागदावर तिचं पद ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’ असं होतं. मुलं तिला मावशी म्हणत, गाव मावशी म्हणे, आणि माझ्याहून पाचेक वर्षांनी लहान असूनही मी तिला मावशीच म्हणायचो. अंगानं किरकोळ, पण हाक मारली की पलीकडच्या तुरीच्या शेतातला माणूस ओ द्यायचा. तिची आई गावात दाई होती. तिच्या मागे मागे घरोघर हिंडून लहानपणी हिनं जे पाहिलं, तेवढंच हिचं वैद्यकीचं शिक्षण. शाळा चौथीत सुटली. “मले नर्सबाई व्हाचं होतं, सर,” असं तिनं एकदा तांदूळ निवडताना सांगितलं होतं, “तं बापानं लगन करून देल्लं.” एवढं म्हणून तिनं सूप झटकलं आणि तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

दुपारच्या जेवणाची ओळ म्हणजे तिची तपासणी. हातात पळी घेऊन ती पातेल्यामागे उभी राहायची आणि प्रत्येक पोराला आधी तळहात, मग उलटे हात, मग जीभ दाखवावी लागायची. “नखं पाह्य कशी झाली! वावर नांगरून राह्यला का त्याईनं?” असं म्हणून पोराला परत नळावर पाठवायची. ताप बघायची तिची रीत तर आणखी निराळी. दिवसभर चुलीजवळ असल्यामुळे हाताला कायम ऊब, त्यामुळे हात लावून तिला काही कळायचं नाही. म्हणून ती पोराचं कपाळ ओढून आपल्या गालाला लावायची. पहिली-दुसरीतल्या मुलांना ते आवडायचं. काही तर दोनदा रांगेत येत. सातवीतल्या मिसरूड फुटू लागलेल्या पोरांची मात्र चारचौघांत अब्रू जायची. ती चिंचेच्या झाडामागून वळसा घालून थेट ताटांपाशी पोचायला बघत, आणि मावशी पळी तशीच पातेल्यात सोडून त्यांच्यामागे धावे. मी हे दृश्य माझ्या खोलीच्या खिडकीतून कितीदा तरी पाहिलंय. धरलं गेलेलं पोरगं गुन्हेगारासारखं मान खाली घालून तिच्या गालाला कपाळ टेकवत असे, आणि ती डोळे मिटून, काहीतरी दूरचं ऐकत असल्यासारखी दोन क्षण थांबत असे. “जाय, काई नाई तुले. जेव.”

ज्याला काही असेल त्याच्यासाठी कडुनिंबाखाली वेगळी पंगत होती. ताटं वेगळी, पाण्याचा पेला वेगळा, आणि तो पेला ती स्वतः राखेनं घासायची. या पंगतीला सगळी शाळा ‘आजाऱ्यांची पंगत’ म्हणायची. एका वर्षी गालफुगीची साथ आली तेव्हा या पंगतीत आठ-दहा पोरं होती, आणि मावशीचं मन असं की आजारी पोराला गुळाचा खडा द्यायची. हे कळल्यावर गालफुगी फारच वेगानं पसरू लागली. शेवटी पाचवीतल्या एका पोराचा फुगलेला गाल तिनं चिमटीत धरून दाबला तर गालात धरलेल्या लिंबाचा रस तोंडातून आला. सगळी शाळा हसली, तो पोरगाही हसला. ती मात्र हसली नाही. “आजाराचं सोंग घेऊ नाई, लेका,” ती म्हणाली, “त्याले खरंच वाटते.” आणि त्याला गुळाचा खडा दिला.

मोठ्यांनाही सवलत नव्हती. एकदा वरून तपासणीला आलेले एक साहेब मुलांबरोबर पंगतीत बसले. साहेबांना पडसं होतं. रुमाल हातातच होता. मावशीनं त्यांच्या पुढ्यातलं ताट उचललं. “साहेब, तुमी तिकडं निंबाखाली बसा. मंग वाढतो.” आमच्याकडच्या बायका ‘मी वाढतो, मी जातो’ असंच बोलतात, साहेब पुण्याकडचे, त्यांना आधी ते कळलं नाही, आणि कळलं तेव्हा ते गालफुगी झालेल्या दोन पोरींच्या मधोमध मांडी घालून बसलेले होते. मी घामानं भिजलो होतो. साहेब भले होते, गुळाचा खडा खाऊन गेले. पुढे डोळ्यांची साथ आली तेव्हा पहिला बळी मीच. सकाळी गाडी उभी करून काळा चष्मा सावरत फाटकाशी आलो तर मावशी आडवी. “सर असो का कलेक्टर, डोये आले तं घरी जा लागते.” मी म्हटलं, मावशी, हजेरीवर सही तरी करू द्या. तिनं शिपायाला हाक मारून हजेरीपट फाटकावर आणवला, माझ्याकडून तिथंच सही घेतली, आणि पेन मला ठेवून घ्यायला लावलं. मी आलो तसा वाशीमला घरी परत गेलो. माझ्या शाळेतून मला कुणी हाकलल्याची ती एकच वेळ, आणि आता आठवलं की हसू येतं ते फार वेळ टिकत नाही.

तिचं सगळं बरोबरच यायचं असं नाही. कुरकुऱ्यांच्या पुड्या आणि वर्गातले पंखे या दोन गोष्टींनी जगातले निम्मे रोग होतात असं तिचं ठाम मत होतं. एकदा दुसरीतल्या चार पोरांच्या अंगावर लाल चट्टे बघून तिनं कांजिण्या ठरवल्या, आख्खी दुसरी घरी पाठवली, आणि कुणालातरी फोन करायला लावून आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना भर उन्हात बोलावून घेतलं. सिस्टरनी पोरांना पाहिलं, एकाचा खिसा उलटा केला, तर आत खाजकुयलीच्या शेंगा. पोरांनी एकमेकांच्या पाठीत घातल्या होत्या. सिस्टर हसता हसता बसल्या. मला मात्र राग आला, कारण तोवर ‘शाळेत साथ’ ही बातमी मंगरुळपीरपर्यंत पोचली होती आणि मला दोन फोन येऊन गेले होते. मी मावशीला खोलीत बोलावलं आणि सगळ्यांदेखत म्हणालो, “मावशी, तुमचं काम खिचडी शिजवायचं. बाकीचं आम्ही बघू.”  ती पदर कमरेला खोचून परत चुलीकडे गेली. दुसऱ्या दिवसापासून पोरांना ती गालाला लावायची ते जरा आडोशाला, मला दिसणार नाही असं.

हे झालं आणि पुढच्याच वर्षी, पोळ्यानंतर आठवडाभरात, ती माझ्या दारात आली. आत आली नाही, उंबऱ्याशी उभी राहिली. “सर, मांगच्या नळाच्या पान्याले वास येऊन राह्यला.” मी म्हटलं, पावसाळ्याचं पाणी आहे, येतो थोडा वास. तरी ग्रामपंचायतीच्या माणसाला जाता जाता सांगितलं. तो हो म्हणाला, मीही विसरलो. मावशीनं आपल्यापुरता इलाज केला. सकाळी खिचडी चढवण्याआधी ती एक मोठं पातेलं पाणी उकळून ठेवायची आणि पहिली-दुसरीच्या लेकरांना तेवढंच द्यायची. पातेलं तेवढंच मोठं होतं, सगळ्या शाळेला पुरणारं नव्हतं. शाळेला त्या वर्षीच गॅस मिळाला होता; महिना संपायच्या आत सिलिंडर संपलं तेव्हा मी तिला त्यावरूनही बोललो. त्या दिवसापासून तिनं बाहेर तीन दगड मांडून काट्याकुट्यांवर पाणी तापवायला सुरुवात केली.

त्याच पातेल्यातलं एक तांब्याभर पाणी ती तिसरीच्या बाईंसाठी झाकून ठेवायची. या बाई वाशीमहून यायच्या, लग्नाला चार वर्षं झालेली, आणि आता पहिल्यांदाच दिवस गेले होते. हसऱ्या, जरा भिडस्त. मावशीचं मन मोडू नये म्हणून त्या तिच्यासमोर दोन घोट घ्यायच्या, पण मला एकदा हसून म्हणाल्या, “सर, त्या पाण्याला इतका धुराचा वास येतो ना, की उलटीच होईल असं वाटतं.” मग घरून आणलेली बाटली संपली की त्या सगळ्यांसारखं मागच्या नळाचंच प्यायच्या.

नवरात्रात मावशी परत उंबऱ्याशी आली. “सर, सातवीतले चार पोट्टे खिचडी टाकून राह्यले.” मी लिहीत होतो, मान वर न करता म्हटलं, कंटाळली असतील. “लेकरू रुसलं तं एक दिवस टाकते. हे तीन दिवस झाले टाकून राह्यले, नुसता वास आला तरी तोंड फिरवतात. लघवी पिवयी होते म्हनतात. सर, हे कावीय हाय.” मी तेव्हा मान वर केली. पण वर केली ती त्या चार पोरांसाठी नव्हे. पुढच्या आठवड्यात शाळा बघायला एक पथक येणार होतं. भिंती रंगवून झाल्या होत्या, मुलींचं लेझीम बसलं होतं, आमच्या आडबाजूच्या शाळेचं कधी नव्हे ते नाव होणार होतं. कावीळ म्हटली की आरोग्य केंद्र, शिबिर, पाण्याचे नमुने, वर्तमानपत्रं. मी म्हटलं, “मावशी, मागच्या वेळी काय झालं आठवतंय ना? आठ दिवस थांबू. त्या पोरांना घरी आराम करू दे.”

ती गेली नाही. उंबऱ्यावर हात ठेवून म्हणाली, “मंग तिसरीच्या बाईले तरी सुट्टी द्या. पोटात लेकरू हाय त्याईच्या. असे दिवस असताना कावीय झाली तं बाईमानसाले लय खराब असते. मायी माय सांगे.” मी म्हटलं, रजा त्यांनी पुढे बाळंतपणासाठी राखून ठेवलीय, आणि पथकासमोर तिसरीचा वर्ग रिकामा कसा दाखवू? मावशी म्हणाली, “तुमीच म्हनलं होतं, सर, मायं काम खिचडी. मंग मी आता कोनाले सांगू?” आणि गेली.

मी आठ दिवस थांबलो. पथक आलं, लेझीम झालं, फोटो निघाले. नवव्या दिवशी मी आरोग्य केंद्रात कळवलं. तोवर सातवीतल्या चौघांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि पाचवी-सहावीतली पोरंही घरी पडली होती. सिस्टर आल्या, आशाताई घरोघर फिरल्या, गावाच्या पाण्याच्या टाकीत जंतुनाशक पावडर पडली, पाण्याची बाटली भरून वाशीमच्या प्रयोगशाळेत गेली. सिस्टरनी वर्गवार यादी केली. तिसरीपासून सातवीपर्यंत प्रत्येक वर्गात नावं होती. पहिली-दुसरीत एकच, आणि तोही सातवीतल्या एकाचा धाकटा भाऊ. यादीवर मी सही केली. ही रेघ इतकी सरळ का निघाली, हे विचारायचं माझ्या मनात आलं नाही, की आलं आणि मी ते दाबलं, हे आता मला सांगता येत नाही.

पोरं एकेक करून बरी झाली. दिवाळीच्या सुट्टीत तिसरीच्या बाईंना कावीळ झाली. वाशीमहून त्यांना अकोल्याला हलवलं. आम्ही दोघं-तिघं शिक्षक गेलो तेव्हा त्यांचे यजमान दवाखान्याच्या जिन्यात बसले होते. बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं. बाई वाचतात की नाही असे चार दिवस गेले, आणि त्या वाचल्या. त्यांना ते पाणी आधीच बाधलं होतं की त्या आठ दिवसांत बाधलं, हे डॉक्टरांनाही सांगता येणार नव्हतं. मी विचारलंच नाही. जिन्यात त्या माणसाशेजारी बसून राहिलो, आणि त्यानं मला “सर, तुम्ही चहा घेतला का?” असं विचारलं.

सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी गावकरी ओट्यावर जमले. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष मध्ये, आजूबाजूला पालक. कुणाला तरी दोष द्यायचा होता, आणि पोरं शाळेत जे खातात ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. नळ कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हता. तो मागच्या भिंतीआड होता. मावशी पायरीवर बसली होती. अध्यक्ष तिला म्हणाले, “मावशी, आमचा काई राग नाई तुमच्यावर. पन लोकं म्हनतात, तुमच्या हातचं खाऊनच झालं.” 

“माया हातचं तं पहिलीचे बी खातात,” ती म्हणाली. “त्याईले काहून नाई झालं?” 

कुणी ऐकलं नाही. तीन-चार जण एकदम बोलू लागले. तेव्हा ती माझ्याकडे वळली. “सर, तुमी सांगा ना. मी तुमाले सांगतलं होतं का नाई?”

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला एवढंच म्हणायचं होतं की हो, सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं. मी म्हणालो, “चौकशी चालू आहे. अहवाल आला की बघू.”  मग ती उठली, स्वयंपाकघरात गेली, पातेली घासून पालथी घातली, कोठीची किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि फाटकातून बाहेर पडली. पहिलीतली दोन लेकरं तिच्या मागे गेली. तिनं त्यांना हात हलवून परत पाठवलं.

अहवाल दहा दिवसांनी आला. पाणी पिण्यास अयोग्य. शाळेची नळवाहिनी मागच्या नालीतून गेली होती आणि तिथंच फुटली होती. ग्रामपंचायतीनं पाइप बदलला. मी अहवाल फाइलला लावला. चुलीवर तोवर गावातलीच दुसरी बाई आली होती, कमी बोलणारी. पोरं मुकाट्यानं जेवायची. निंबाखाली कुणी बसत नव्हतं. आणि मग मलाच कावीळ झाली. तीन आठवडे मी वाशीमला घरात पडून होतो; अन्नाचा वास आला की तोंड फिरवायचो. बायको उकळलेलं पाणी समोर धरायची. आजारी माणसाला विचार करण्यावाचून काम नसतं, आणि माझ्याकडे विचार करायला एकच गोष्ट होती.

बरा होऊन गेलो तो थेट ग्रामसभेत. अहवाल वाचला, सिस्टरची यादी वाचली, पहिली-दुसरीच्या पातेल्याचं सांगितलं, आणि तिनं मला काय काय सांगितलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं, तेही सांगितलं. कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. एका पालकानं फक्त विचारलं, “मंग तवा काहून नाई बोलले, सर?”  अध्यक्ष म्हणाले, मावशीले परत आना.

ती गाव सोडून लेकीकडे जऊळक्याला गेली होती. मी एका रविवारी गेलो. स्टेशनच्या अलीकडे दोन खोल्यांचं घर, अंगणात ती सोयाबीन पाखडत होती. मला बघून उठली, बाज टाकली, लेकीला चहा ठेवायला सांगितलं. मग एकेका पोराचं नाव घेऊन विचारू लागली, कुणाच्या डोळ्यांचा पिवळेपणा गेला, कोण आता नीट जेवतो. मी सगळं सांगत गेलो. शेवटी तिसरीच्या बाईंचं विचारलं. मी म्हटलं, रुजू झाल्यात, पण हसत नाहीत. ती सोयाबीनमधले खडे वेचत राहिली. “त्याईले ते पानी फडक्यातून गायून द्या लागत होतं. धूर बसला होता त्याले,” ती म्हणाली. “माया ध्यानातच नाई आलं.”

आमच्या सगळ्या गावातून आपली चूक शोधणारी ती एकटीच निघाली. मी मग कसंबसं बोललो. ग्रामसभेत काय झालं ते सांगितलं, माझं चुकलं म्हणालो, आणि परत या म्हणालो. तिनं शांतपणे ऐकलं. 

“तुमी मानूस वाईट नाई, सर,” ती म्हणाली. “पन तुमी लय उशिरा आयकता.” मग म्हणाली, “अन् मी परत आली तं त्या दुसऱ्या बाईचं काय करसान? तिले काढसान? काय केलं तिनं? तिच्या घरी बी लेकरं हायेत. नोका काढू तिले. पानी उकयाले सांगा फक्त.”

चहा झाला. ती रस्त्यापर्यंत सोडायला आली. “येत जा, सर,” म्हणाली, आणि ते तिनं तोंडदेखलं म्हटलं नव्हतं. तिथून निघालो तेव्हा वाटलं होतं, महिन्या-दोन महिन्यांनी चक्कर मारू. त्याला आता दोन वर्षं होत आली. गाडी जऊळक्याच्या फाट्याशी येते, वेग आपोआप मंदावतो, आणि मी तसाच पुढे जातो. तिच्यासमोर बसायला लागणारं बळ काही केल्या गोळा होत नाही. पण गेल्या पंधरवड्यात तिसरीच्या बाईंना मुलगी झाली. बाळ-बाळंतीण दोघी चांगल्या आहेत. बाईंनी मला फोनवर सांगितलं आणि मग म्हणाल्या, “सर, मावशींना कळवा.” या रविवारी नाहीतर पुढच्या, पण जायला तर हवंच.